लाफ्रॉइग : पहिली धार बाजूला काढणारी डिस्टिलरी

खारवारा (वेंगुर्ले)

१९०७ साली स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावर दोन शेजाऱ्यांमध्ये पाण्यावरून भांडण जुंपले. बांधावरून आणि पाटाच्या पाण्यावरून तीन-तीन पिढ्या चालणारे तंटे ज्यांनी कोकणात पाहिले आहेत, त्यांना यात नवल वाटायचे नाही. (बेटाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून कोणी काहीही वाचो, उच्चार ‘आयला’ असाच आहे, हसून झाले असेल तर पुढे जाऊ.)

शेजारी होते लाफ्रॉइग आणि लागाव्हुलिन, एकाच किनाऱ्यावर चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या दोन डिस्टिलऱ्या. लाफ्रॉइगची व्हिस्की विकण्याची एजन्सी अनेक वर्षे लागाव्हुलिनचे मालक पीटर मॅकी यांच्या पेढीकडे होती. लाफ्रॉइगच्या मालकांनी ती काढून घेतली, तेव्हा संतापलेल्या मॅकींनी लाफ्रॉइगला जाणारे पाणी दगड टाकून अडवले. प्रकरण न्यायालयात गेले आणि पाणी पूर्ववत सोडण्याचा आदेश झाला. मॅकी मात्र तेवढ्यावर थांबणारे गृहस्थ नव्हते. १९०८ मध्ये त्यांनी लागाव्हुलिनच्याच आवारात ‘माल्ट मिल’ नावाची दुसरी छोटी डिस्टिलरी उभारली, लाफ्रॉइगसारखी ऊर्ध्वपातनाची भांडी घडवून घेतली आणि लाफ्रॉइगचा ब्रुअर, म्हणजे दारू गाळण्याचे काम पाहणारा माणूसही फोडून आणला. हेतू उघड होता : लाफ्रॉइग न विकत घेता लाफ्रॉइग काढायची. माल्ट मिल १९६२ पर्यंत चालली, तिथे व्हिस्की झाली, चांगलीही झाली असेल, पण लाफ्रॉइग काही झाली नाही.

हा किस्सा मी प्रथम वाचला तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. बेट तेच, भांडी तशीच, धुरासाठी जाळायचे पीट (दलदलीतले इंधन) त्याच बेटाचे, माणूसही तिथलाच, तर मग चव नेमकी राहते कुठे? या धाग्याचे निमित्त हेच.

थोडा पूर्वेतिहास सांगतो. लाफ्रॉइग या गेलिक नावाचा अर्थ ‘रुंद उपसागराकाठची सुंदर खोलगट जागा’ असा दिला जातो. गुरे पाळण्यासाठी खंडाने जमीन घेतलेल्या डोनाल्ड आणि अलेक्झांडर जॉन्स्टन या भावांनी १८१५ मध्ये येथे डिस्टिलरी सुरू केली. १८३६ मध्ये अलेक्झांडर ऑस्ट्रेलियाला जायला निघाला, तेव्हा डोनाल्डने त्याचा हिस्सा ३५० पौंडांना विकत घेतला. १८४७ मध्ये अर्धवट तयार झालेल्या मद्याच्या हौदात पडून डोनाल्ड भाजला आणि त्यातच गेला. मुलगा ड्यूगल्ड लहान असल्याने पुढची सुमारे दहा वर्षे कारभार वॉल्टर ग्रॅहम यांनी पाहिला, आणि हे ग्रॅहम होते शेजारच्या लागाव्हुलिनचे. म्हणजे ज्या घराने एकेकाळी पोरक्या मुलाचा व्यवसाय सांभाळून दिला, त्याच घराच्या पुढच्या मालकाने साठ वर्षांनी पाणी तोडले.

ज्यांनी लाफ्रॉइग चाखलेली नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की पहिल्या घोटाला आपण चुकून औषधाची बाटली उघडली असे वाटते. माझ्या वडिलांनी वास घेतल्याबरोबर विचारले होते, “हे प्यायचे की गुडघ्याला लावायचे?”

देवगडची माहेरवाशीण

आपण हकिगत छान सांगितली आहे, पण पुढच्या काळाकडे वळण्याआधी बेसी विल्यमसन यांच्याविषयी लिहायलाच हवे. लाफ्रॉइगच्या इतिहासात मला सर्वांत जवळचे वाटणारे नाव त्यांचे आहे.

१९०८ च्या सुमारास जॉन्स्टन घराण्यातील इयन हंटर हे अभियंते ग्लासगोहून कारभार पाहायला आले. पाण्याचे आणि एजन्सीचे दावे निस्तरणे, जमीनदाराकडून जागा विकत घेणे, १९२३ मध्ये भांडी वाढवून उत्पादन दुप्पट करणे ही सगळी त्यांची कामगिरी. अमेरिकेत दारूबंदी असतानाही लाफ्रॉइग तेथे औषध म्हणून विकली गेली. खारवारा यांच्या वडिलांचा प्रश्न अमेरिकी अधिकाऱ्यांनाही पडला असावा आणि त्यांनी उत्तर गुडघ्याच्या बाजूने दिले असावे.

१९३४ च्या उन्हाळ्यात ग्लासगो विद्यापीठातून पदवी घेतलेली बेसी तीन महिन्यांच्या टंकलेखनाच्या कामासाठी आयलावर आली, आणि ती परत गेलीच नाही. १९३८ मध्ये हंटरना अर्धांगवायूचा झटका आला आणि रोजचा व्यवहार हळूहळू तिच्याकडे आला. महायुद्धाच्या काळात डिस्टिलरीच्या इमारती लष्कराने दारूगोळा साठवण्यासाठी घेतल्या, तेव्हा मुरत ठेवलेली पिंपे आणि भांडी सुखरूप राखण्याची जबाबदारीही तिचीच होती. कृती बाहेर जाऊ नये म्हणून हंटर कमालीची काळजी घेत. माल्ट मिलचा धडा ताजा होता, हे लक्षात घेतले तर तो नुसता संशयी स्वभाव म्हणता येणार नाही. अशा माणसाने ती कृती बेसीला शिकवली आणि १९५४ मध्ये मृत्यूपूर्वी डिस्टिलरीही तिच्याच नावे केली, कारण त्यांना मूलबाळ नव्हते. विसाव्या शतकात स्कॉटलंडमध्ये डिस्टिलरीची मालकी आणि कारभार दोन्ही हाती असलेली बाई म्हणजे बेसीच.

भांडवलाची गरज ओळखून तिने १९६० च्या दशकात टप्प्याटप्प्याने हिस्से मोठ्या कंपनीला विकले, पण १९७२ मध्ये निवृत्त होईपर्यंत कामावरचा तिचा हात कायम होता. पुढे मालक अनेक बदलले आणि आता ही डिस्टिलरी सन्टोरी या जपानी समूहाकडे आहे.

खारवारा, आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की चव माणसात राहते. मॅकींनी ब्रुअर नेला खरा, पण ज्याच्या नाकाने शेवटचा निर्णय व्हायचा तो माणूस त्यांना नेता आला नाही. आमच्याकडे एकाच कैरीच्या दोन जावांनी घातलेल्या लोणच्यांची चव सारखी लागत नाही, आणि त्याचे कारण कोणी मिठात शोधत नाही.

मांडवी किनारा (रत्नागिरी)

मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले असल्यामुळे ‘चव माणसात राहते’ हे वाक्य वाचून थोडा अस्वस्थ झालो, तरी ते पूर्ण नाकारणार नाही. आधी एक गैरसमज दूर करतो. लाफ्रॉइगचा तो औषधी वास समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यातून येतो असे पुष्कळ जण समजतात आणि कोकणातल्या माणसाला ते पटतेही सहज. प्रत्यक्षात तो येतो धुरातून.

पीट म्हणजे हजारो वर्षे पाणथळीत साचून दबलेल्या, पूर्ण न कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून वाळवतात आणि जाळतात. सातूला मोड आणल्यानंतर ते ओले असतानाच त्यांना पीटचा धूर देतात, आणि फिनॉल, ग्वायाकॉल, क्रेसॉल ही संयुगे सालीवर बसतात. जुन्या लाल कार्बोलिक साबणाचा वास ज्यांच्या नाकात आहे, त्यांनी फिनॉल ओळखला असे समजावे. आपण ज्याला ‘आयोडीनचा वास’ म्हणतो तोही या कुटुंबातलाच आहे, त्यात आयोडीन असण्याची गरज नाही. मुख्य भूमीवरच्या डोंगराळ भागातले पीट झाडाझुडपांचे असते, तर आयलाच्या पीटमध्ये शेवाळी जातीची वनस्पती अधिक असते, म्हणून धुराचा स्वभावही वेगळा येतो.

लाफ्रॉइगमध्ये धूर देण्याची रीतही निराळी आहे. पुष्कळ ठिकाणी धूर आणि गरम हवा बरोबरच सोडतात. येथे आधी कमी आचेवर थंड, दाट धूर कित्येक तास देतात आणि वाळवण्यासाठी गरम हवा त्यानंतर सोडतात. सातू ओलसर राहतात तोवरच त्यांना धूर नीट धरतो, एकदा वाळले की धरत नाही. आपल्याकडे मासे धुरवताना जो अनुभव येतो तोच हा नियम आहे.

पाण्याबद्दल सांगायचे, तर ते पीटच्या जमिनीतून वाहत येते म्हणून तांबूस दिसते, परंतु व्हिस्कीतल्या धुरात त्याचा वाटा नगण्य असतो. मॅकींनी पाणी अडवले ते चव मारण्यासाठी नव्हते, पाण्यावाचून डिस्टिलरी एक दिवसही चालत नाही म्हणून अडवले.

जुना खलाशी (गुहागर)

मी आयलावर जाऊन आलो आहे. बोटीवरची नोकरी संपता संपता ग्लासगोला चार दिवस मिळाले. बसने केनाक्रेगला गेलो आणि फेरीने पोर्ट एलनला उतरलो. बंदरापासून लाफ्रॉइग पायी गाठता येते. पाऊस आडवा होता, अगदी आपल्या आषाढासारखा, फक्त थंडी हाडात शिरणारी.

सर्वांत आधी दिसते ती पांढरी भिंत आणि तिच्यावर समुद्रावरूनही वाचता येतील एवढी काळी अक्षरे. आत सातू पसरलेली मोठी खोली आहे. भिजवलेले सातू दगडी जमिनीवर वीतभर जाडीने पसरलेले असतात आणि मोड एकमेकांत गुंतू नयेत, ऊब सगळीकडे सारखी राहावी म्हणून कामगार ते सारखे उलटत राहतात. मूठभर उचलून पाहिले तर हाताला कोमट लागतात आणि वास थेट मोड आलेल्या मटकीचा येतो. हे सगळे हाताने करणाऱ्या डिस्टिलऱ्या आता स्कॉटलंडमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. लाफ्रॉइगही आपल्या गरजेपैकी फक्त पाचव्या हिश्श्याच्या आसपास माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू) घरी करते, बाकीचा बाहेरून येतो. मग ही खोली दाखवण्यापुरतीच आहे की काय, असे मी तिथल्या माणसाला विचारलेही. त्याने रागावून न घेता सांगितले की घरच्या माल्टला धूर जास्त चढतो आणि तो मिसळल्याशिवाय काम भागत नाही.

त्यानंतर भट्टीच्या दारात उभा राहिलो. विस्तवावर पीटची ढेपळे टाकली होती, ज्वाळा जवळजवळ नव्हतीच, फक्त दाट धूर. डोळे चुरचुरले आणि आजीची पावसाळ्यातली ओल्या लाकडांची चूल आठवली.

आणखी एक गंमत. १९९४ पासून लाफ्रॉइगने ग्राहकांना ‘मित्र’ करून घ्यायला सुरुवात केली. बाटलीवरचा क्रमांक नोंदवला की आयलावरची एक चौरस फूट जमीन आजन्म खंडाने मिळते, आणि मालकच कुळाला खंड देतो, वर्षाला एक पेग. प्रत्यक्ष गेल्याशिवाय तो वसूल होत नाही. मी गुडघाभर बूट घालून, हातात छोटा झेंडा घेऊन समोरच्या दलदलीत माझी जमीन शोधत हिंडलो. घरी सातबारा कधी माझ्या नावावर झाला नाही, तो आयलावर झाला.

१९९४ मध्येच युवराज चार्ल्स, म्हणजे आताचे राजे, यांनी स्वतः येऊन डिस्टिलरीला राजघराण्याची सनद दिली. येताना विमान ते स्वतः चालवत होते आणि आयलाच्या छोट्या धावपट्टीवरून विमान पुढे निसटले. कोणाला इजा झाली नाही आणि कार्यक्रमही पार पडला.

भाटीवाला (दोडामार्ग)

सर्वांचे वाचले. माझे शिक्षण बेताचे आहे, पण ऊर्ध्वपातन मी लहानपणापासून पाहिले आहे. माझ्या मामांची काजूची भाटी गोव्याच्या हद्दीत, परवान्याची. बोंडू तुडवून रस काढायचा, तो दोन-तीन दिवस आंबू द्यायचा, तांब्याच्या भाणात उकळायचा. पहिल्या उकळीची ती हुर्राक, ती परत उकळली की फेणी. खारवारांनी ज्याला व्हिस्कीचे दोनदा उकळणे म्हटले असते, त्यात मला वेगळे काही दिसत नाही, फक्त आमच्याकडे पिंप नाही आणि वर्षांची वाट पाहणे नाही.

मला विचारायचे आहे ते धारेबद्दल. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे सर्वांत कडक, सर्वांत अस्सल, असे लोक अभिमानाने म्हणतात. पण माझे मामा पहिला पेलाभर कधी ठेवत नसत. तो निखाऱ्यावर ओतायचे, निळा जाळ भडकायचा आणि आम्ही पोरे मागे सरायचो. ते म्हणत, “ही डोके धरते.” शेवटची धारही ते वेगळी काढत, कारण तिला उकडलेल्या सालीचा वास येतो. मधली कधी सुरू झाली आणि कधी संपली हे ते नळीखाली हाताचा पंजा धरून, चोळून, हुंगून ठरवत. ग्राव (दारूची ताकद) मोजायचे यंत्र होते, ते नंतर लावत. लाफ्रॉइगवाले हे कसे करतात?

मांडवी किनारा (रत्नागिरी)

भाटीवाला, शिक्षण बेताचे म्हणू नका. आपण धाग्याच्या मुख्य प्रश्नावर नेमके बोट ठेवले आहे.

दुसऱ्या उकळीत जे पहिले बाहेर येते त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथिल अ‍ॅसिटेटसारखी हलकी संयुगे जास्त असतात. डोके धरणारी ती हीच. त्यांच्याच मागोमाग फळांचा, गोडसर वास असणारी एस्टरे येतात. धुराची जड संयुगे मात्र उशिरा येऊ लागतात आणि शेवटाकडे वाढत जातात. म्हणजे मधली धार कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची, यावर तीच डिस्टिलरी, तेच माल्ट आणि तेच भांडे असतानाही व्हिस्की फळांकडे झुकेल की धुराकडे, हे ठरते.

लाफ्रॉइगमध्ये पहिली धार सुमारे ४५ मिनिटे बाजूला काढतात. हा काळ स्कॉटलंडमध्ये सर्वांत दीर्घ मानला जातो, बहुतेक ठिकाणी तो बराच कमी असतो. यात फळांची गोडीही पुष्कळशी निघून जाते. जे उरते ते कोरडे, धुराळ आणि थोडे खारट भासणारे. बाजूला काढलेली धार मामांप्रमाणे निखाऱ्यावर जात नाही, शेवटच्या धारेबरोबर ती पुढच्या उकळीत परत घालतात.

खारवारा (वेंगुर्ले)

धागा सुरू करताना माझ्या मनात पाणी, पीट आणि भांडी हेच होते. मामांच्या पंजाने मला दुरुस्त केले. माल्ट मिलमध्ये मॅकींनी डोळ्यांना दिसते ते सगळे उतरवून घेतले. ४५ मिनिटे थांबणे डोळ्यांना दिसत नाही. मॅकींच्या भांड्यांवर नेमके काय घडले याचा निकाल मी देत नाही, परंतु देवगडच्या ताई म्हणतात तो ‘माणूस’ आणि सर म्हणतात ते ‘एस्टर’ हे एकाच नळीखाली भेटतात, एवढे मला पटले.

भांड्यांचे एक वैशिष्ट्य मात्र नोंदवतो. लाफ्रॉइगकडे आज सात भांडी आहेत, पहिल्या उकळीची तीन आणि दुसऱ्या उकळीची चार. या चारांपैकी एक इतर तिघांच्या दुप्पट आहे. मोठ्या भांड्यातून निघणारी दारू लहान भांड्यांपेक्षा थोडी वेगळी असते आणि दोन्ही मिसळूनच पिंपात भरतात. आता यापैकी लाफ्रॉइगची ‘खरी’ चव कोणती, असे विचारणाऱ्याला काय सांगायचे?

नवखा (मालवण)

मी सिंगल माल्टमध्ये (एकाच डिस्टिलरीच्या माल्ट व्हिस्कीत) अगदी नवा आहे. पहिली बाटली कोणती घ्यावी, आणि ती आपल्या दमट हवेत ठेवावी कशी? शिवाय गोव्यातल्या कुंकळ्ळीच्या पॉल जॉन व्हिस्कीबद्दल बरेच ऐकतो. धुराची चव हवी असेल तर एवढ्या लांबचे आणण्यापेक्षा ती का घेऊ नये?

खारवारा (वेंगुर्ले)

पॉल जॉन जरूर घ्या, पण बदली म्हणून घेऊ नका. २०१२ मध्ये प्रथम ब्रिटनमध्ये बाजारात आलेली ही व्हिस्की आपल्या किनाऱ्यावर मुरते, आणि तिच्या ‘बोल्ड’ या प्रकारासाठी आयलाचेच पीट आणले जाते. फरक पडतो तो हवेमुळे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास दारू उडून जाते, गोव्याच्या उष्म्यात हे प्रमाण त्याच्या कित्येक पट असते. त्यामुळे लाकडाची गोडी लवकर चढते आणि तेथे दहा वर्षे थांबणे परवडतही नाही. ‘बोल्ड’मध्ये धुराला मधाची, मसाल्याची साथ आहे. लाफ्रॉइगमध्ये धूर एकटा पुढे येतो.

लाफ्रॉइगमध्ये सुरुवात ‘टेन’ने, म्हणजे दहा वर्षे मुरलेलीने करावी. ती बहुधा ४० टक्क्यांची मिळते आणि तिच्यात रंगासाठी कॅरमेल घालतात, हे मला आवडत नाही. जराशी जाड आणि गोड हवी असेल तर २००४ मध्ये आलेली ‘क्वार्टर कास्क’ घ्यावी. ती बर्बन या अमेरिकी व्हिस्कीच्या नेहमीच्या पिंपात मुरल्यानंतर काही महिने लहान पिंपात ठेवतात. पिंप लहान असले की तेवढ्याच दारूला लाकडाचा अधिक स्पर्श होतो, म्हणून व्हॅनिलाची, नारळाची चव येते. ती ४८ टक्क्यांची असल्याने थोडे पाणी सोसते. ‘सिलेक्ट’ सौम्य आहे, पण सौम्य लाफ्रॉइग कशासाठी घ्यावी हे मला अजून कळलेले नाही. पिंपाच्या मूळ ताकदीची, पाणी न मिसळलेली ‘टेन’ मिळाली तर ती मात्र सोडू नका. तिच्यावर तुकडीचा क्रमांक असतो आणि दोन तुकड्यांमधला फरक जिभेला कळतो. पंधरा वर्षांची मधल्या काळात बंद झाली होती, २०१५ मध्ये डिस्टिलरीच्या द्विशताब्दीला ती पुन्हा काढली. मी ती एकदाच, दुसऱ्याच्या घरी, दोन बोटे प्यालो आहे. त्यावर मत देणे योग्य नाही.

बाटली उभी ठेवावी, आडवी नको, कारण एवढ्या ताकदीचे मद्य बुचाला सतत लागले तर बूच कुजते. पावसाळ्यात लेबलांवर बुरशी चढते. ती पुसण्याच्या नादात मी एका बाटलीचा अर्धा कागद घालवला आहे. आता पेपरात गुंडाळून कपाटात तांदळाच्या डब्यामागे ठेवतो, आणि घरच्यांना जागा माहीत आहे.

भाटीवाला (दोडामार्ग)

काल मामांकडे गेलो होतो. सरांनी लिहिलेले ४५ मिनिटांचे त्यांना वाचून दाखवले. बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “भाण केवढे आहे त्यांचे?” लहान भांड्यात सुमारे पावणेपाच हजार लिटर मावते असे सांगितले. त्यावर त्यांनी स्वतःच्या भाणाकडे पाहिले, मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले की मग आपला पेलाभर बरोबर आहे.